ब्रॅकेट घडवून देणाऱ्या मिस्त्रीकाकांना अनावृत पत्र

आदरणीय मिस्त्रीकाका,

सादर नमस्कार.

आपण घडवलेल्या ब्रॅकेटवर, म्हणजे कॅमेऱ्याला जोडायच्या दांडीवर, फ्लॅश बसवून कास पठारावर काढलेली दवबिंदूची छायाचित्रे ज्यांनी पाहिली, त्यांतल्या बहुतेकांनी मला नवी लेन्स कोणती घेतली असे विचारले. लेन्स जुनीच आहे आणि बदलली आहे ती केवळ फ्लॅशची जागा, हे प्रत्येकाला सांगताना आपले आभार चारचौघांत मानायचे राहून गेले आहेत याची टोचणी लागते, म्हणून हे पत्र.

दवबिंदू ही कीटकभक्षी वनस्पती. तिच्या पानांवरच्या केसांच्या टोकाला असलेले चिकट थेंब टिपायचे तर लेन्स वीतभर अंतराच्याही आत न्यावी लागते. कॅमेऱ्याच्या माथ्यावर बसवलेल्या फ्लॅशचा प्रकाश अशा वेळी लेन्सच्या नळीवरच अडतो, चित्राच्या खालच्या भागात तिची सावली पडते आणि जो प्रकाश पोहोचतो तो इतका टोकदार असतो की प्रत्येक थेंबावर पांढरा डाग उमटतो. हे दुखणे घेऊन मी दुकानांच्या पायऱ्या झिजवल्या. एका विक्रेत्याने दुप्पट किमतीचा फ्लॅश पुढे केला. दुसऱ्याने लग्नसमारंभात वापरतात ती सरळ पट्टी काउंटरवर आपटली आणि माझे बोलणे पुरते ऐकूनही न घेता तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. ती पट्टी फ्लॅशला कॅमेऱ्याच्या शेजारी नेते, लेन्सच्या टोकाशी नेत नाही, एवढे समजून घ्यायला त्याला दोन मिनिटेही लागली नसती.

आपण छायाचित्रण करत नाही, तरी उद्यमनगरातल्या आपल्या वर्कशॉपमध्ये आपण आधी लेथ बंद केला आणि मग माझे म्हणणे ऐकले. पठारावर पाऊलवाटेच्या कडेला पालथे पडून काम करावे लागते, असे मी सांगितले, तेव्हा त्या पुरुषांच्या गजबजाटात मला काय वाटेल हे आपण न विचारता ओळखले असावे. आपण जमिनीवर वर्तमानपत्र अंथरले, “ताई, तुम्ही नुसतं सांगत जावा, मी पडतो; मनगट कुठं टेकतंय तेवढं दाखवा,” असे म्हणालात आणि त्या वयात, गुडघ्यावर हात देत, माझा कॅमेरा घेऊन खरोखरच पालथे पडलात. डावा हात फोकसच्या कड्यावर असताना सरळ दांडी कोपराला अडते, हे मला कधीच शब्दांत सांगता आले नव्हते. आपल्याला ते पडल्यापडल्या कळले. त्यानंतर दांडीला बाहेरच्या अंगाला दिलेला बाक, फ्लॅश मागेपुढे सरकवण्यासाठी कापलेली खाच, जिथे मनगट टेकते नेमक्या त्याच कडेवर मारलेली कानस आणि कॅमेऱ्याच्या तळाला ओरखडा येऊ नये म्हणून चिकटवलेला सायकलच्या ट्यूबचा तुकडा, हे सारे आपण आपल्या मनाने केलेत.

आता फ्लॅश लेन्सच्या टोकावर, उजेड मऊ करणाऱ्या डिफ्यूझरसह थेंबांच्या अगदी जवळ येतो. अंतर निम्मे झाले की प्रकाश चौपट मिळतो, त्यामुळे फ्लॅश अगदी कमी शक्तीवर चालतो. त्याची चमक तेवढीच क्षणिक होते आणि पठारावरच्या वाऱ्यात थरथरणारे पानही स्थिर उमटते. थेंबांवरचे डाग गेले, त्यांच्या जागी मऊ उजेड आला, आणि एका थेंबात अडकलेल्या चिलटाचे पंखसुद्धा स्पष्ट दिसतात.

समोरच्या माणसाची अडचण आपल्या अंगावर घेऊन पाहण्याची ही रीत ज्यांच्याकडे असते, त्यांच्या दारावर बहुधा मोठी पाटी नसते. आपल्या दारावर तर पाटीच नाही, त्यामुळे मी पाठवलेली माणसे गल्लीत विचारत येतात. त्यांनाही अशीच दांडी हवी आहे. माझ्याकडून आपण जेवढे पैसे घेतलेत, त्यात अॅल्युमिनियमची किंमत तरी निघाली की नाही, अशी शंका येते. त्यांच्याकडून मात्र कृपा करून मजुरी पुरती घ्यावी, ही नम्र विनंती.

आपली ऋणी,
कासची एक छायाचित्रकार