बाबांनी आप्पाला माझ्याकडे पाठवलं

केरी, सत्तरी
चवथीनंतरचा शुक्रवार

प्रिय दत्ता,

आईचा गुडघा आहे तसाच, बाबांची साखर आटोक्यात. बारशाला येता आलं नाही. मुलीचा फोटो पाहिला. नाक तुझं घेतलंय बिचारीने, बाकी वहिनींवर गेलीय म्हणून निभावलं. डिचोलीच्या घराचं कुठवर आलं ते भेटल्यावर सांग.

परवा बाबा नि मी कुळागरात, आपल्या पोफळींच्या बागेत, खालच्या पाटाकडे उभे होतो. यंदा पावसाने उसंतच दिली नाही. दुसरी फवारणी राहिली आणि कोळेरोगाने हिरव्या सुपारीचा झाडाखाली सडा पडलाय. गणपतीवरच्या माटोळीला बांधायला धड एक घड मिळेना. बागेत राबणारा आपला आप्पा बाबांना विचारत होता, त्या म्हाताऱ्या पोफळी काढून तिथे मंगला जातीची सुपारी लावायची काय. बाबा म्हणाले, "आतां म्हाका विचारूं नाका, हाका विचार." ह्याला म्हणजे मला! आणि पाटात अडकलेल्या झावळ्या ओढायला निघून गेले.

नोकरी सोडून ये, असं त्यांनी एकदाही म्हटलेलं नाही. म्हटलं असतं तर भांडता तरी आलं असतं. तेव्हापासून झोप नाही.

वाळपईच्या स्टँडवर आपलं भांडण झालं होतं, आठवतं? घरच्या पोफळी सोडून शिरसीला दुसऱ्याच्या सुपारीची पोती मोजायला जातो म्हणून तू बोलणं टाकलंस. माझ्या पैशांची पावभाजी मात्र संपवूनच टाकलंस! त्याचं उत्तर आज देतो.

तिथे वखारीत प्रत्येक शेतकऱ्याचा ढीग वेगळा लागतो. व्यापारी मूठभर सुपारी उचलतात, अडकित्त्याने कातरून आतला रंग बघतात आणि आपापला भाव लावतात. ज्याचा भाव जास्त, त्याचा माल. कोवळी असताना सोलून उकडलेली राशी वेगळी, पिकल्यावर उन्हात वाळवलेली चाली वेगळी. चालीतही फुटकी, काळी पडलेली निवडून काढायची. ती तशीच राहिली तर चांगल्या मालालाही तिचाच भाव येतो. आणि आमचे बाबा? 40-45 दिवस ऊन देतात, ढग दिसला की जेवणाच्या ताटावरून उठून सुपारी झाकतात, आणि शेवटी सगळी एकाच पोत्यात भरतात. पोतं घराबाहेर पडल्यावर त्याचं काय होतं, हे त्यांनी कधी पाहिलेलंच नाही. घरी राहिलो असतो तर मीही पाहिलं नसतं.

शिवाय तिथला मुकादम चारचौघांत ओरडतो, "हे पोतं ओलं आहे, परत पसर." आप्पाने मला खांद्यावर बसवून वाढवलंय, तरी तो असं कधी बोलणार नाही. मालकाचा मुलगा ना मी! दत्ता, मला तो ओरडा हवा आहे. अजून थोडे दिवस तरी हवा आहे.

पण बाबांकडचं कधी शिकायचं? मोरचूद 1 किलो, चुना 1 किलो, पाणी 100 लिटर, हे फवारायच्या बोर्डो मिश्रणाचं माप मलाही पाठ आहे. बाबा मात्र पिंपात लोखंडी सुरी बुडवतात, पातं उजेडात धरतात, त्यावर तांबूस चढलेलं दिसलं की चुना वाढवतात. किती, ते विचारलं तर "बघ की" म्हणतात. यंदा फवारणीचं पिंप उचलताना आप्पाला हाक मारावी लागली त्यांना. आज लावलेली पोफळ धरायला चार-पाच वर्षं जातील. तोवर ते पाटावर उभे राहून मला "बघ की" म्हणणार ना, हे मनात येतं आणि पोटात गोळा येतो.

मी रुजू झालो तेव्हा तिथला हंगाम सरत आला होता. एक पुरता हंगाम बघायचा आणि शिमग्याला कायमचं परतायचं, असं ठरवतो आहे. पावसाआधीची पहिली फवारणी मग बाबांसोबत. जुन्या पोफळी तोवर तशाच राहू देत, असं आप्पाला सांगितलंय. बाबांना अजून काहीच बोललो नाही.

काका गेले तेव्हा तू कॉलेज सोडून थेट बागेत उतरलास. तुला बाहेर जायचं की नाही, हे कोणी विचारलंसुद्धा नाही. म्हणून हे तुलाच लिहितोय. त्या पहिल्या वर्षी काय अडलं होतं, काय येत असतं तर बरं झालं असतं, ते मला खरंखरं सांग. रविवारी ये. चवथीच्या गोड नेवऱ्या ठेवल्यात. सोमवारी सकाळी मला निघायचं आहे, त्याआधी रात्री बाबांशी बोलेन.

तुझा,
सुहास