जहाजाच्या बुडाला चिकटलेले पाहुणे

संपादक साहेब, नमस्कार,

परक्या समुद्री जीवांबद्दल हल्ली बातम्या येतात ते चांगलंच आहे, पण प्रत्येक वेळी खापर फुटतं ते जहाजांच्या बॅलास्ट पाण्यावरच, म्हणजे तोल राखायला जहाज टाकीत भरून नेतं आणि दुसऱ्या बंदरात सोडतं त्या पाण्यावर. ते खोटं नाही म्हणा, १९८० च्या दशकात अमेरिकेकडची निमिऑप्सिस नावाची कॉम्ब जेली (जेलीफिशसारखा पारदर्शक जीव) अशाच पाण्यातून काळ्या समुद्रात पोचली असं मानतात, आणि तिथं तिनं माशांचं खाणं तर फस्त केलंच वर त्यांची अंडी-पिल्लंही सोडली नाहीत. एकाच जेलीत नर-मादी दोन्ही, त्यामुळं जोडीदार नसला तरी तिचं काही अडत नाही! पुढं १९९७ मध्ये तिलाच खाणारी बेरोई ही दुसरी जेली आली तेव्हा कुठं जरा आवर बसला, तीसुद्धा बिनबुलाई.

पण जहाजाच्या बुडाचं काय? बार्नेकल म्हणजे खडकांना, जहाजांना चिकटून राहणारा कवचाचा छोटा जीव; त्याची अळी आपल्या स्पर्शिकांवर अक्षरशः चालत जागा तपासते, पसंत पडली की डोक्याकडून सिमेंटसारखा चीक सोडून कायमची चिकटते, मग जहाज जाईल तिकडं तीही फुकटात. शिंपले, स्पंज, सगळे असेच फिरतात. बॅलास्टसाठी २०१७ पासून आंतरराष्ट्रीय करार लागू आहे, बुडाच्या या थरासाठी मात्र २०११ च्या मार्गदर्शक सूचना, २०२३ मध्ये सुधारल्या तरी ऐच्छिकच. ऐच्छिक म्हटल्यावर खर्च कोण करणार?

पुढच्या बातमीत निदान दोन ओळी यावरही येऊ द्या.

आपला एक वाचक