शेळी वेगळी कशी?

पाटोदा, 29 ऑक्टोबर 2023

प्रिय बंड्या,

आठ महिने फोन नाही म्हणून शिव्या घालत असशील; घाल. तब्येत बरी आहे, साखर जरा वाढलीय.

लिहितोय कारण परवा मी गुरुजी झालो. म्हणजे आपले गुरुजी, चौथीतले.

शिष्यवृत्तीला बसवायची पोरं निवडत होतो. (आपल्या वेळी चौथीला होती, 2017 पासून पाचवीला आहे.) बसायला कुणीही बसावं, पण बैठकीत निकाल टक्क्यांत वाचतात, मग आम्ही 'होणारी' पोरंच काढतो. बुद्धिमत्तेचे वीस प्रश्न दिले. गटात न बसणारा शब्द: गाय, म्हैस, शेळी, घोडी. उत्तर घोडी, तिला शिंगं नाहीत. एकानं शेळीला गोल केला. वीसपैकी सात. नाव खोडलं.

दुपारी सहज विचारलं, शेळी का रे? तर म्हणतो, "तिला दोन-दोन करडं होतात गुरुजी, बाकीच्यांना एकच."

म्हटलं, बरोबर आहे. मार्क मात्र दिला नाही. खऱ्या परीक्षेत उत्तरपत्रिका यंत्र तपासतं, त्याला करडं काय कळणार! दोन पेपर, 300 गुण, आणि 'का' विचारायला कुठंच जागा नाही.

तरी नाव परत लिहिलं असतं रे. पण त्याच्या बापानं मुकादमाकडून उचल घेतलीय, दिवाळीआधी बिऱ्हाड कारखान्याला निघेल. नवोदयची परीक्षा जानेवारीत, ही फेब्रुवारीत. दोन्ही वेळेला पोरगं फडात. हुशार पोरं शोधायचा सरकारी हंगाम आणि उसाचा हंगाम एकच! आजीजवळ ठेवा म्हणून बापाला सांगून पाहिलं. तो म्हणाला, "अन् धाकटीला कोण सांभाळील?" यावर मी काय बोलणार? बी.एड.ला हे शिकवलं नव्हतं.

तेव्हापासून तूच डोळ्यांसमोर येतोस. गुरुजींनी अकरा जण काढले, त्यांत तू नव्हतास. त्यांचा रेडिओ दुरुस्त करायला मात्र तूच. (तुझी कंपासपेटी मी घेतली नव्हती. चाळीस वर्षं झाली, आता तरी सोड.)

वहिनींचा गुडघा कसा आहे? पोरीच्या नोकरीचं कळव. वर्कशॉपचं भाडं वाढवलं का मालकानं?

फॉर्मची मुदत अजून आहे. नाव पेन्सिलीनं लिहून ठेवलंय.

एक सांग. आम्ही जादा तासाला बसायचो, तेव्हा तू कुठं असायचास? कधी विचारलंच नाही.

तुझा,
दत्ता