ताईच्या दाव्याबद्दल, जरा सविस्तर

मिरज

प्रिय मित्रा,

फोनवर बोलायला गेलं की तुझ्याकडे कुणी ना कुणी भेटायला आलेलं असतं आणि माझं अर्धं सांगायचं राहून जातं. म्हणून लिहितोय. भावजी ट्रकच्या धडकेत गेले, त्याच्या भरपाईचा दावा ताईने लावायलाच हवा, असं माझं म्हणणं आहे. लांबलं तर लांबू दे. एकदा तू वाच, मग ताईलाही दे.

ताई म्हणतेय, "माणूस गेला, आता पैसे काय मोजत बसू?" आमच्या वहिनीचंही अगदी हेच होतं. दादा गेल्यावर बरेच दिवस तिने वकिलाचं नाव काढू दिलं नाही. दावा लावायचा म्हणजे दादाचा भाव करायचा, असं तिला वाटायचं. तिचं मन वळवलं आमच्या आईने. म्हणाली, "पोरांचं खाणंपिणं तो बघत होता. आता ज्याने त्याला नेला त्याने बघावं." इतकं नीट मला अजून सांगता आलेलं नाही. रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीला थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, तो ट्रकवाला वर्षानुवर्षं हप्ता भरत आलाय तो याच प्रसंगासाठी. ताई कुणापुढे पदर पसरत नाहीये, एवढं तिला सांग.

आता त्या ट्रकमालकाच्या माणसाचं. तो दहाव्याला येऊन लाखभर ठेवून "मिटवून घेऊ" म्हणाला, हे ऐकून मला आश्चर्य वाटलं नाही, आमच्याकडेही असेच एक पाहुणे आले होते. ताईला कुठल्याही कागदावर सही करू देऊ नकोस. ड्रायव्हरवर निष्काळजीपणाने मृत्यूचा जो गुन्हा लागलाय (आता भारतीय न्याय संहितेचं कलम १०६) तो असा घरच्या घरी मिटत नसतो. भरपाईचा दावा तर त्याहून वेगळाच. तो मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे चालतो, आणि तिथे फौजदारी खटल्याइतका कडक पुरावा लागत नाही. कोणाची चूक असणं जास्त संभवतं, एवढंच बघतात. उद्या ड्रायव्हर तिकडे सुटला तरी ताईचा दावा आपोआप बुडत नाही.

दुसरी जात एजंटांची. शवागाराबाहेरच कार्ड देणारे. "एक रुपया देऊ नका, मिळेल त्यातले तीस टक्के आमचे." निकालातून टक्केवारी ठरवून फी घ्यायला बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलांना मनाई आहे, पण हे उघड उघड चालतं आणि दुःखात बुडालेली माणसं कोऱ्या वकीलपत्रावर अंगठे उठवून मोकळी होतात. ताईला वकिलाची फी जड जात असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. बाईमाणसाला तिथे उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो, १९८७ च्या कायद्यातच तशी तरतूद आहे. चांगला वकील मिळेल की नाही हे मात्र नशीब, ते मी खोटं सांगणार नाही.

ट्रक कर्नाटकचा, म्हणून हुबळी-बेळगावला खेटे घालावे लागतील ही तुझी भीती काढून टाक. अपघात जिथे झाला तिथे किंवा दावा करणारा जिथे राहतो तिथे, दोन्हीकडे दावा घालता येतो. तुमचं दोन्ही कराडच. पण उशीर नको. १ एप्रिल २०२२ पासून कायद्यात सहा महिन्यांची मुदत आलीय. त्या मुदतीवरून सुप्रीम कोर्टात वाद चालू आहे म्हणे, तो चालू दे, आपण सहा महिन्यांच्या आत अर्ज टाकायचा. पोलिसांनीही ४८ तासांत पहिला अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. द्यायचा असतो, म्हणजे ठाण्यात जाऊन तू विचारत राहायचं असतं. एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, शवविच्छेदनाचा (पीएम) रिपोर्ट, ट्रकचं नोंदणीपत्र (आरसी), परमिट, ड्रायव्हरचं लायसन्स आणि विम्याची पॉलिसी, एवढ्यांच्या नकला हातात आल्या की निम्मं काम झालं. लायसन्स खोटं किंवा संपलेलं निघालं तरी घाबरू नकोस. अशा वेळी बहुतेकदा कोर्ट विमा कंपनीला आधी वारसांना पैसे द्यायला लावतं आणि नंतर मालकाकडून वसूल करायला सांगतं.

पंचनाम्याचं मी मुद्दाम सांगतोय. दादा गेला तो गळिताच्या दिवसांत, रात्री, अंकलीच्या पुढे. उसाची ट्रॉली डांबरावरच उभी, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि दादा मोटारसायकलवरून तिच्यावर जाऊन आदळला. विमा कंपनीचं म्हणणं काय? उभ्या वाहनाला हाच येऊन धडकला, चूक याचीच. शिवाय ट्रॅक्टर शेतीच्या कामासाठी म्हणून विमा उतरवलेला, भाड्याने कारखान्याचा ऊस ओढत होता, सबब अटींचा भंग. शिवाय ट्रॉलीचा वेगळा विमाच नाही. एकामागून एक असे मुद्दे. त्यात आम्हाला तारलं ते पंचनाम्यातल्या एका ओळीने: "ट्रॉलीच्या मागील बाजूस परावर्तक पट्टी अगर दिवा दिसून आला नाही." हवालदाराने कंटाळत कंटाळत लिहिलेली ओळ, पण तिच्यावर सगळा दावा उभा राहिला. तरीही दादावर वीस टक्के दोष आला आणि रक्कम तेवढी कापली गेली. भावजींच्या बाबतीत ट्रकने मागून उडवलंय, त्यामुळे तुमची बाजू भक्कम आहे. तरी पंचनामा आणि नकाशा नीट वाचून घे. मलकापूरजवळचा सेवारस्ता की मुख्य रस्ता, यात घोळ नको.

आता हिशेब. हा भाग शांतपणे वाच, कारण खरी लढाई इथेच असते.

आधी महिन्याचं उत्पन्न धरतात. त्यात पुढे वाढलं असतं म्हणून भर घालतात. सुप्रीम कोर्टाच्या २०१७ च्या प्रणय सेठी निकालाप्रमाणे स्वतःचा धंदा असलेल्याला चाळिशीच्या आत ४० टक्के, चाळीस ते पन्नासमध्ये २५ टक्के. मग जाणाऱ्याचा स्वतःवरचा खर्च वजा. मागे चार ते सहाजण अवलंबून असतील तर एक चतुर्थांश. तुमच्याकडे ताई, दोन मुलं आणि भावजींची आई, म्हणजे चारजण. उरलेल्या वार्षिक रकमेला वयाप्रमाणे गुणक. तो २००९ च्या सरला वर्मा निकालात ठरलाय: ३६ ते ४० ला १५, ४१ ते ४५ ला १४.

भावजींचं मोटार रिवायंडिंगचं, म्हणजे पंपाच्या जळालेल्या मोटारीत नवी तार भरून द्यायचं दुकान. समज, महिना २०,००० कोर्टाने मान्य केले. भर घालून २८,०००, वर्षाचे ३,३६,०००, चतुर्थांश वजा जाता २,५२,०००, गुणिले १५. झाले ३७,८०,०००. आणि कोर्ट म्हणालं, पुरावा नाही, १०,००० धरा, तर बरोब्बर निम्मे, १८,९०,०००. यावर पत्नी, मुलं, आई यांना सहवास गमावल्याबद्दल आणि अंत्यविधीच्या खर्चापोटी काही रकमा मिळतात. सहवासाचे २०१७ मध्ये ४०,००० ठरले, दर तीन वर्षांनी १० टक्के वाढ. पण मोठा आकडा उत्पन्नावरच हलतो.

आणि भावजींनी कधी रिटर्न भरलं नाही, हे मला माहीत आहे. म्हणून तुला दुकानात बसून काम करायचंय. त्यांची ती लाल पुठ्ठ्याची उधारीची वही जपून ठेव. कुणाची पाच एचपीची मोटार, कुणाचा सबमर्सिबल, किती तांब्याची तार, किती मजुरी, किती बाकी, सगळं त्यांच्या अक्षरात आहे. तार घेतल्याची दुकानदाराची बिलं, दुकानाची भाडेपावती, वीजबिल, शॉप ॲक्टचा कागद, फोनवर आलेल्या पैशांचं बँक स्टेटमेंट, मोटारसायकलच्या कर्जाचे हप्ते, मुलांच्या शाळेची फी. हप्ता फेडणारा माणूस कमावत होता, हे कुणालाही कळतं. दोन शेतकरी साक्षीला तयार ठेव. कार्यकर्ते नकोत, ज्यांच्या मोटारी त्यांनी भरल्या ते हवेत.

वयाचंही बघ. आधार कार्डावर भावजींची जन्मतारीख १ जानेवारी आहे, तू म्हणाला होतास. आपल्याकडे निम्म्या गावाचा जन्म १ जानेवारीचा. त्या हिशेबाने ते ४१ चे होतात आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ३९. या दोन वर्षांत भर ४० वरून २५ टक्क्यांवर येते आणि गुणक १५ वरून १४. त्याच २०,००० वर रक्कम ३१,५०,००० होते. सहा लाख तीस हजारांचा फरक, एका तारखेने. २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलंय की आधार हा वयाचा पुरावा नाही, शाळेचा दाखला ग्राह्य धरा. त्या प्रकरणातही ४५ की ४७ असाच वाद होता. तेव्हा शाळेत जाऊन दाखल्याची नक्कल आजच काढ.

ताईला उलटतपासणीला उभं राहावं लागेल. तिचं म्हणणं आधी शपथपत्रावर जातं, मग समोरचा वकील विचारतो. वहिनीला विचारलं, "तुम्ही पिको-फॉलचं काम करता ना? म्हणजे तुम्ही मयतावर अवलंबून नव्हता?" ती म्हणाली, "ते गेल्यावर सुरू केलं." मग प्रत्येक उत्तर टाईप होईपर्यंत तिने उभं राहायचं. ती स्टेनोच्या बोटांकडे बघत होती आणि मी मागच्या बाकावर मुठी आवळून. विजयनगरच्या त्या कोर्टात मला सगळ्यात राग आला तो त्या वकिलाचा नाही, तो त्याचं काम करत होता. राग आला तारखांचा. साहेब रजेवर, कंपनीचे वकील दुसऱ्या कोर्टात, साक्षीदाराला समन्स पोचलं नाही. वर्षं गेली. निकाल लागल्यावर कंपनी अपिलात गेली आणि शेवटी लोकअदालतीत तडजोड झाली. तेव्हा हायकोर्ट म्हणजे मुंबई होती. आता ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) बसतंय आणि सातारा त्यातच येतो, तेवढा तरी तुमचा प्रवास वाचेल.

लोकअदालतीला नाही म्हणू नकोस, पण वरचा हिशेब मांडल्याशिवाय हो म्हणू नकोस. कंपनीचा माणूस पहिल्यांदा जो आकडा बोलतो तो आपल्या थकव्याकडे बघून बोलतो.

एक नाजूक गोष्ट, तुझ्यापाशीच बोलतो. पैसे कुणाच्या नावावर, यावरून तिच्या सासरी कुजबुज सुरू झाली असणारच. कोर्ट वाटणी स्वतः करून देतं. मुलांचा हिस्सा ती सज्ञान होईपर्यंत बँकेत मुदत ठेवीत राहतो, विधवेच्या वाट्यातलाही काही भाग बहुधा तसाच बांधून ठेवतात. वहिनीला तेव्हा हे जाचक वाटलं. "माझेच पैसे आणि मलाच अर्ज करायचा?" मला मात्र आजही ते बरं वाटतं, कारण त्याच वर्षी आमच्या एका चुलत्याला जमीन घ्यायची होती आणि तो रोज चहाला येत होता. भावजींच्या आईचा हिस्सा आईलाच मिळू दे, त्यात ताईने मन छोटं करू नये. आणि उद्या ताईने दुसरं लग्न करायचं ठरवलं तर भरपाई जाईल, असं कुणी तिच्या कानावर घातलं असेल तर ते खोटं आहे. मुंबई हायकोर्टाने २०२३ मध्ये एका अगदी तरुण विधवेच्या प्रकरणात सांगितलंय की पुनर्विवाहामुळे हक्क जात नाही, भरपाईसाठी तिने जन्मभर विधवा राहावं अशी अपेक्षा धरता येत नाही. हे तिला आज बोलू नकोस. पण ठाऊक असू दे.

येत्या रविवारी मी कराडला येतो. तोवर दुकानाची किल्ली ताईच्या दिराकडून मागून घे, वही आणि बिलं एका पिशवीत भर, आणि पोलीस ठाण्यातून पॉलिसीचा नंबर मिळाला की मला फोटो पाठव. वकील कोण हे समोरासमोर बसून ठरवू. ताईच्या सासूबाईंनाही त्या वेळी घरी थांबायला सांग, त्यांच्या अपरोक्ष काही नको.

तुझा,
बंड्या