मराठवाड्याची पानं

पुणे

ती. आई-बाबांना सा. न.

बाबांना पत्त्यांचा राग आहे, तरी हे पत्र पत्त्यांबद्दलच आहे. परवा आईनं फोनवर विचारलं, "एवढ्या रातीला काय करायलीस?" मी "पानं काढायलेय" एवढंच म्हटलं, कारण पुढचं फोनवर सांगून होण्यासारखं नव्हतं. आमच्याकडं पैसे लावत नाहीत, हे आधी सांगते. मोंढ्यामागच्या पारावर तीन पानांपायी लोकांची हजेरी जाताना बाबांनी पाहिली आहे. त्यातलं यात काहीही नाही.

खेळाचं नाव मॅजिक: द गॅदरिंग. रिचर्ड गारफील्ड नावाच्या अमेरिकन गणितज्ञानं तो रचला आणि १९९३ साली तो बाजारात आला. दोघं समोरासमोर बसतात, प्रत्येकाचं आयुष्य २०. प्रत्येकाची स्वतः जुळवलेली गड्डी, किमान ६० पानांची, आणि सुरुवातीला हातात ७ पानं. काही पानं जमिनीची, बाकीची योद्ध्यांची, प्राण्यांची, मंत्रांची, वस्तूंची. एका पाळीत एकच जमीन मांडता येते. ती आडवी केली की तिच्यातून शक्ती मिळते, तिला माना म्हणतात. त्या मानातून बाकीच्या पानांची किंमत भागवायची. समोरच्याचं आयुष्य शून्यावर आणलं की डाव जिंकला.

कंपनीची पानं हजारोंनी आहेत. पण ज्यांना या खेळाची गोडी लागते त्यातले पुष्कळजण घरी खेळायला स्वतःचीही पानं बनवतात. मीही बनवतेय, आपल्या मराठवाड्याची.

जमिनी पाच तऱ्हेच्या असतात: मैदान, बेट, दलदल, डोंगर आणि जंगल. प्रत्येकीचा एक रंग. पांढरा शिस्तीचा आणि समूहाचा, निळा विद्येचा, काळा सत्तेचा आणि मरणाचा, तांबडा संतापाचा, हिरवा वाढीचा. मैदान म्हणून मी पैठणचा गोदाकाठ काढला. डोंगर बालाघाटचा, जंगल किनवटचं, सागाचं. बेटाला समुद्र कुठून आणायचा? मग जायकवाडीचा नाथसागर घेतला, थंडीत पाहुणे पक्षी उतरलेला. दलदलीपाशी मात्र बरेच दिवस अडले. आपल्याकडं दलदल म्हणजे पावसाळ्यातलं काळं रान, आईच्या माहेरची ती वाट, जिथं चप्पल हातात घेऊन चालावं लागतं. पण ज्या मातीनं आपल्याला ज्वारी दिली तिला मरणाचा रंग द्यायला माझा जीव होईना. नंतर लक्षात आलं की या खेळात गेलेल्याला मसणवट्यातून, म्हणजे बाद झालेल्या पानांच्या ढिगातून, परत आणण्याची ताकद सगळ्यात जास्त काळ्या रंगाकडंच असते. उन्हाळ्यात हातभर भेगा पडलेलं रान पहिल्या दोन पावसांत मिटतं, तसंच हे. म्हणून चित्रात अर्धं रान भेगाळलेलं ठेवलंय आणि अर्धं ओलं.

पण खरं काम चित्राचं नाही, किमतीचं आहे, आणि तिथं मला बाबा हवेत.

१९९३ च्या पहिल्याच संचात पाच पानं अशी होती की प्रत्येकाची किंमत १ माना आणि प्रत्येक पान कशाचे तरी ३ देणार. पांढरं ३ आयुष्य देतं. तांबडं ३ घाव घालतं. हिरवं एका प्राण्याचं बळ त्या पाळीपुरतं ३ नं वाढवतं. काळं ३ माना देतं आणि निळं ३ नवी पानं ओढू देतं. कागदावर पाचही सारखीच. पण निळं इतकं भारी निघालं की जवळपास सगळ्या स्पर्धांत त्याला मज्जाव आहे, आणि जिथं चालतं तिथंही गड्डीत एकच ठेवता येतं. पांढऱ्याला कुणी विचारत नाही. पुढं कंपनीनं ३ माना घेऊन २ पानं देणारं पान काढलं, आणि ते कुणाला लबाडीचं वाटत नाही. बाबा, तुम्ही अडतीवर जन्मभर हेच केलंत. तीन पोती आली म्हणून भाव ठरत नाही. पोत्यात तूर आहे की करडई, ओल किती आहे आणि माल कोणत्या महिन्यात आला, हे बघून पट्टी होते. पानाला किंमत लावताना मला तुमचा तो हात आठवतो, पोत्यात खुपसलेला.

माझं सगळ्यात लाडकं पान देवगिरीचं आहे. १२९६ साली अलाउद्दीन खिलजी चालून आला आणि रामदेवराय यादव गडावर अडकले. जुन्या तवारिखांत कथा येते की घाईनं गडावर चढवलेल्या पोत्यांत धान्य नव्हतं, मीठ होतं. मग तो गड कुणी फोडून घेतला नाही, उपाशी ठेवून घेतला. हे सगळं नियमात यावं असं मला वाटत होतं. आता ते पान असं आहे: भिंत, बळ (घाव घालायची ताकद) ०, टणकपणा (घाव सोसायची ताकद) ८, किंमत ४ माना. ती स्वतः हल्ला करत नाही. ती उभी आहे तोवर जमिनीवरून येणारं कुणीच तुमच्यावर चालून येऊ शकत नाही, फक्त उडणारेच येऊ शकतात. पण तुमच्या प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला हातातलं एक पान टाकायचं. टाकायला पान उरलं नाही की गड गेला. समोरच्यानं नुसतं थांबायचं. ‘मिठाची पोती’ हे जोडीचं पान ज्याचा गड त्याच्या हातात जाऊन बसतं. ते खेळता येत नाही आणि गडासाठी टाकताही येत नाही. इथल्या मैत्रिणी म्हणतात, देवगिरीला ५ माना लावायला हव्यात. मला ४ च रास्त वाटतात, कारण पाळीला एक पान ही शिदोरी फार मोठी आहे. दोन्ही किमतींनी खेळून बघू, मग बाबांनी निकाल द्यावा.

नळदुर्गचा पाणीमहाल मात्र पटकन जमला. बोरी नदीचं पाणी बांधावरून कोसळतं आणि आतला महाल कोरडा राहतो, म्हणून त्या पानाला कुठल्याही निळ्या पानाची इजा होत नाही. एवढंच लिहिलं.

आई, तुझं पान जात्याचं. या खेळात १९९४ सालापासून जात्याच्या दगडाचं एक पान आहे. २ माना देऊन तो दगड फिरवला की समोरच्याच्या गड्डीतली वरची २ पानं मसणवट्यात जातात. गड्डी संपल्यावर ज्याच्यावर पान ओढायची वेळ येते तो हरतो. म्हणजे दळून दळून माणसाला संपवायचं. मला ते पटेना. आपल्या घरात जातं कुणाला संपवायला फिरत नव्हतं, त्यावर घर जेवत होतं. म्हणून माझं जातं स्वतःचीच गड्डी दळतं. वरची २ पानं जातात, त्यात जमीन निघाली तर ती हातात येते आणि शिवाय २ आयुष्य मिळतं. मात्र प्रत्येक फेऱ्याला आपलीच गड्डी पातळ होते. पहाटे उठून तू दळायचीस तेव्हा तुझी झोप जायची, ती या पानात मला यायला हवी होती. आली आहे, असं मला वाटतं.

छपाईचं थोडक्यात सांगते. पान ६३ बाय ८८ मिलिमीटरचं, जाड कागदावर. मागची बाजू मी मुद्दाम वेगळी ठेवली आहे, पैठणीच्या पदरावरचा मोर काढून, म्हणजे कुणाला ही कंपनीची पानं वाटायला नकोत. हे विकायचं नसतं आणि मला विकायचंही नाही.

आता अडलेलं सांगते. ‘बहात्तरचा दुष्काळ’ हे पान अजून कोरंच आहे. दोघांच्याही जमिनी दोन पाळ्या आडव्याच राहतात, म्हणजे त्यांच्यातून माना मिळत नाही, असं लिहून पाहिलं. नियम चालतो, पण तेवढ्यानं तो बहात्तरचा होत नाही. नुसतं नुकसान करणारं पान कुणीही लिहील. त्या वर्षी लोक कशावर तगले ते त्यात यायला हवं. बाबा, तुम्ही तेव्हा शाळकरी होतात. आजोबांबरोबर खडी फोडायला गेलात, सुकडीसाठी रांगेत उभे राहिलात, एवढंच मला ठाऊक आहे. त्या कामावर कोण कोण होतं, मजुरी कशात मिळायची, गावातल्या कुणी कुणाला सांभाळून घेतलं, जनावरांचं काय झालं, हे सगळं मला बसून ऐकायचंय. फोनवर नको, तुम्ही फोनवर "बरं होतं की" म्हणून विषय संपवता.

पोळ्याला येतेय. पानं प्लास्टिकच्या पाकिटांत घालून आणते, म्हणजे आईला हात पुसत बसावं लागणार नाही. आणि आई, जात्याच्या पानावर खाली तुझी एक ओवी हवी आहे. आजीची असली तरी चालेल. दोनच ओळींची बघ, तिथं तेवढीच जागा उरते.

तुमची लेक