"सलग झोप शेवटची कधी झाली गं तुझी?"

आशाताई, सप्रेम नमस्कार.

मुलगी एकवीस दिवसांची होती. भोसरीतली एक खोली, नवरा रात्रपाळीला, सासू हयात नाही, आई बीडहून ऊसतोडीला गेलेली. बाळंतपण करायला कुणीच नव्हतं. पोर रात्र रात्र रडायची. आदल्या रात्री मी तिचा दंड इतका घट्ट आवळला, की सकाळी त्यावर माझ्या बोटांचे वळ उठले होते.

तुम्ही आशा सेविका म्हणून घरभेटीला आलात, बाळाचं वजन करायला झबलं काढलंत. मी म्हणाले, डास चावलेत. तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. पिशवी खाली ठेवलीत, तिला मांडीवर घेतलंत आणि मला तेवढंच विचारलंत. मला आठवेना. मग मी खरं काय ते सांगून टाकलं.

त्याच दिवशी तुम्ही आम्हा दोघींना दवाखान्यात नेलंत. तिचा हात दाखवलात, आणि डॉक्टरांना माझ्याबद्दलही सांगितलंत. बाळंतपणानंतर मन असं खचू शकतं, त्याला औषधपाणी असतं, हे मला तेव्हा कळलं. तोवर मला वाटायचं, मीच वाईट आई.

परत आल्यावर तुम्ही शिकवलंत ते माझ्या अजून तोंडपाठ आहे. डोकं फिरायला लागलं की बाळाला पाठीवर सपाट निजवायचं, आजूबाजूला उशी-गोधडी ठेवायची नाही, आणि दहा मिनिटं उंबऱ्यावर जाऊन बसायचं. रडून बाळाचं काही बिघडत नाही. पण गदागदा हलवलं तर मेंदूला इजा होते, जीवही जातो. कितीदा बसले मी त्या उंबऱ्यावर!

नवऱ्यालाही तुम्ही बसवून घेतलंत. "पाळीवरून आलास की दोन तास पोर तुझी, हिला झोपू दे," एवढंच म्हणालात. तो चिडला नाही, उलट त्याला बरं वाटलं असावं. त्यालाही कुणी कधी सांगितलंच नव्हतं ना.

दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईकडे बेचाळीस दिवसांत तुमच्या सहा भेटी. त्या सगळ्या मिळून तेव्हा तुम्हाला 250 रुपये मिळायचे. माझ्याकडे तुम्ही किती वेळा आलात ते मी मोजलं नाही, पण कार्डावरच्या सहा खुणांपेक्षा पुष्कळ जास्त. आठव्या नाहीतर नवव्या खेपेला तुम्ही भर पावसात आला होतात, पदराखाली मेथीची जुडी. पैशांचं हे मला फार पुढे कळलं, आणि त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

पोर आता चार वर्षांची आहे. अंगणवाडीत जाते, घरी येऊन बाहुलीला दटावते आणि लगेच कुशीत घेते.

हे सगळ्यांसमोर लिहितेय, कारण माझ्यासारखं हातून काही घडलेली बाई दार लावून बसते. तिने तुमच्यासाठी दार उघडावं.

आमच्या चाळीत सात नंबरला नवीन बाळंतीण आलीय. रात्री तिचं बाळ रडतं, आणि मग तिचाही आवाज येतो. काल मी जाऊन तासभर बाळ घेऊन बसले. तुमचा नंबर दिलाय तिला. या आठवड्यात याल का? चहा माझ्याकडे.

तुमची,
चार नंबरवाली