‘एल नॉर्ते’ दाखवल्याबद्दल जाहीर आभार

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

दिग्दर्शक ग्रेगरी नावा यांचा ‘एल नॉर्ते’ हा १९८३ चा चित्रपट आपण आग्रहाने आमच्या फिल्म सोसायटीत दाखवलात आणि खेळ संपल्यावर थांबून त्यामागचा इतिहास समजावून सांगितलात, त्याबद्दल जाहीर आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. या चित्रपटाच्या पटकथेला ऑस्करचे नामांकन मिळाले होते. तरीही आपल्याकडे त्याचे नाव क्वचितच ऐकू येते.

ग्वाटेमालातले यादवी युद्ध १९६० ते १९९६ असे चालले आणि त्यात सर्वाधिक बळी माया आदिवासींचे गेले, हे आपण सांगितले नसते, तर चित्रपटातल्या एन्रिके आणि रोसा या माया भावंडांचे अमेरिकेकडचे पलायन मला केवळ गरिबीतून सुटण्याची धडपड वाटले असते. मळ्यावरच्या मजुरांना संघटित करू पाहणाऱ्या वडिलांची हत्या होते, आईला सैनिक घेऊन जातात, आणि त्यानंतर गावात राहणे म्हणजे मरणाची वाट पाहणे ठरते.

अमेरिकेत शिरताना सीमेखालच्या भुयारातला उंदरांचा प्रसंग पाहणाऱ्या प्रत्येकाच्या लक्षात राहतो. जीव वाचवण्यासाठी ही भावंडे टप्प्याटप्प्याने स्वतःचे काय काय टाकून देतात, याकडे मात्र आपण आमचे लक्ष वेधलेत. मेक्सिकोत आणि सीमेवरच्या अधिकाऱ्यांपुढे ती मेक्सिकन असल्याचे भासवतात, घरची किचे ही माया भाषा लपवतात, आणि लॉस एंजेलिसमध्ये रोसाचा पेहरावही बदलतो. श्रीमंतांच्या लेखी शेतमजूर म्हणजे केवळ राबणारे हात, असे वडील सुरुवातीला मुलाला सांगतात. शेवटी रोजंदारीसाठी एन्रिके स्वतःच आपल्या बळकट हातांची ग्वाही देतो, तेव्हा ज्यापासून तो पळाला तेच त्याची ओळख बनलेले असते. हे दोन प्रसंग आपण एकमेकांशेजारी ठेवलेत आणि संपूर्ण चित्रपट मला नव्याने दिसला.

रोसाच्या आजारपणाचा भाग काहीसा अतिनाट्य वाटतो, हे माझे मत अजूनही कायम आहे. त्या भुयारातल्या उंदरांमुळेच तिला जीवघेणा ताप येतो, म्हणजे सीमा ओलांडल्यावरही ती सीमा तिच्या शरीरातून जात नाही, हे आपले म्हणणे मात्र मला पूर्णपणे पटले.

आपण त्या दिवशी वाचून दाखवलेले टिपण नव्या सभासदांना देण्याची परवानगी मिळावी, ही नम्र विनंती.

आपली कृतज्ञ,
फिल्म सोसायटीची एक सभासद